हवेवरचे बिऱ्हाड

माणसाला चाळिशीत चष्मा लागतो, तसे एखादे वेडही लागते. चष्म्याचा नंबर काढता येतो, वेडाचा काढता येत नाही, एवढाच काय तो फरक! माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना चाळिशीत सतार लागली, दुसऱ्यांना होमिओपॅथी लागली आणि तिसऱ्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. त्या मानाने मी स्वस्तात सुटलो. मला रेडिओ केंद्र लागले.

रेडिओ ऐकण्याचे वेड म्हणत नाही मी. ते लहानपणापासूनचे आहे. मी चक्क स्वतःचे रेडिओ केंद्र काढले. कळंब्याला, गारगोटी रस्त्यापासून दोन बोळ आत, आमच्या माडीवरच्या ज्या खोलीत पूर्वी कांदे पसरलेले असत, त्या खोलीत. कांदे खाली जिन्याखाली गेले आणि वर इंटरनेट रेडिओ आला. कांद्यांचा वास मात्र अजून वरच आहे. पण श्रोत्यांना वास जात नाही, हा रेडिओचा एक मोठाच गुण म्हटला पाहिजे.

मी पेशाने चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक. पुढे चित्रकलेची पदविका घेतली, पण आमच्या नातेवाइकांच्या हिशेबात चित्रकला शिक्षणात धरत नाहीत. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन छापून आल्या. त्यांतल्या दुसरीच्या बऱ्याच प्रती माझ्याच कपाटात सुखाने नांदत आहेत. तेव्हा आपले कोणीतरी ऐकावे ही भूक माझ्यात होती, हे मी आधीच कबूल करून टाकतो. डोळ्यांचा धंदा करणारा माणूस कानांच्या धंद्यात का शिरला, याचे खरे कारण हेच.

पण खरे कारण कोणी चारचौघांत सांगत नाही. मी बाबूराव पेंटरांचे नाव पुढे करीत असे. तेही चित्रकारच. सिनेमाचा कॅमेरा मिळेना, तेव्हा त्यांनी तो याच कोल्हापुरात आपल्या हातांनी घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. कोल्हापूरच्या माणसाला एखादी गोष्ट विकत मिळाली नाही की तो ती घरी करू पाहतो, अशी माझी एक उपपत्ती आहे. सौभाग्यवतींना ती मान्य नाही. त्यांचे म्हणणे, “बाबूरावांनी कॅमेरा केला, तुम्ही नुसता मायक्रोफोन विकत आणला. त्यात कसलं आलंय कोल्हापूर?”

आमच्या घरात रेडिओ होता तो आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. त्यांच्या तरुणपणी रेडिओ नुसता ऐकायलासुद्धा पोस्टातून परवाना काढावा लागे. ते परवान्याचे पुस्तक त्यांनी जमिनीच्या उताऱ्याबरोबर जपून ठेवले होते. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले, आणि तेव्हापासून आमच्या घरातली घड्याळे सांगलीला विचारून चालू लागली. त्याआधीची एक हकिकत आण्णा नेहमी सांगत. केसकर म्हणून आपलेच एक मराठी गृहस्थ १९५२ साली दिल्लीत नभोवाणीमंत्री झाले. त्यांना सिनेमाची गाणी हलकी वाटत. म्हणून त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. मग लोकांनी काय करावे? लोकांनी काटा फिरवला आणि समुद्रापलीकडचे रेडिओ सिलोन लावले. तिथे १९५२ च्याच डिसेंबरात ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली होती. शेवटी सरकारलाच १९५७ साली विविध भारती काढावी लागली. “कानाला कुंपण घालता येत न्हाई,” असे म्हणून आण्णा हकिकत संपवीत. हे वाक्य मी पुष्कळ वर्षे खरे मानून चाललो होतो.

स्वतःचे केंद्र काढायचे म्हटल्यावर पहिला प्रश्न परवान्याचा. आपल्या देशात खाजगी हौसेने रेडिओ काढणारी माणसे पूर्वीही होती. म्हैसूरला गोपालस्वामी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरातून केंद्र चालवले आणि त्याला ‘आकाशवाणी’ असे नाव दिले. तेच नाव पुढे सगळ्या देशाच्या रेडिओचे झाले. पण हौसेला दंडही असतो. १९४२ च्या ऑगस्टात मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. उषाताईंचे वय अवघे बावीस. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा बदलत बदलत त्यांनी तो नोव्हेंबरपर्यंत चालवला. १२ नोव्हेंबरला धाड पडली आणि त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली.

ही कथा मी जेवताना मोठ्या अभिमानाने सांगितली. सौभाग्यवतींनी भाकरी थापता थापता खिडकीकडे पाहिले. कळंब्याचे कारागृह आमच्यापासून फार लांब नाही.

“बरं झालं,” त्या म्हणाल्या, “डबा पोचवायला चालत जाता येईल.”

सुदैवाने डब्याची वेळ आली नाही. मनोऱ्यावरून लहरी सोडायच्या तर सरकारचा परवाना लागतो आणि तो एकट्यादुकट्या माणसाला मिळत नाही. २००६ साली जे धोरण ठरले त्यात सामुदायिक रेडिओ नोंदणीकृत संस्थांसाठी खुला झाला. म्हसवडचे ‘मन देशी तरंग’ हे माणदेशातल्या बायाबापड्यांचे केंद्र २००८ पासूनचे. मी ते पाहून आलो आणि परतताना एस.टी.त मला झोप आली नाही. पण माझ्याजवळ संस्था नव्हती. मी, एक जुना लॅपटॉप आणि कांद्यांची खोली, एवढाच आमचा संसार. आणि इंटरनेटवरच्या रेडिओला लहरींचा तो परवाना लागत नाही, कारण तो आकाशातली जागाच अडवीत नाही. अमेरिकेत १९९३ साली कार्ल मालमुड नावाच्या गृहस्थांनी इंटरनेटवर बोलका कार्यक्रम सुरू केला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या एका विद्यापीठाच्या रेडिओने आपले प्रक्षेपण तारेवर चढवले. तेव्हापासून ही वाट मोकळी आहे.

तिची रचना अगदी साधी. माझ्या बोलण्याचे संगणक बारीक बारीक तुकडे करतो. ते तुकडे भाड्याने घेतलेल्या एका दूरच्या संगणकाकडे जातात. तिथे ‘आइसकास्ट’ नावाची फुकट मिळणारी प्रणाली बसवलेली असते. ऐकणारा जो कोणी असेल, त्याच्या मोबाइलला ती त्या तुकड्यांची एकेक प्रत वाटत बसते. साध्या दर्जाचा आवाज ठेवला, तर एका श्रोत्याला तासाला सुमारे २९ एमबी लागतात. मनोऱ्याचे तसे नाही. तिथे दहा ऐकोत की दहा लाख, खर्च तोच. इथे प्रत्येक श्रोत्याचे पान वेगळे वाढावे लागते. पंगत वाढली की खर्च वाढला! या बाबतीत मला फारशी काळजी करण्याचे कारण पडले नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला मुहूर्त केला. खोलीच्या भिंतींना घरातल्या सगळ्या वाकळा टांगल्या, म्हणजे आवाज घुमत नाही. केंद्राचे नाव इथे देत नाही. लेखाची जाहिरात होईल. संध्याकाळी सात वाजता मी घसा साफ केला, नमस्कार म्हटले, आणि खालच्या मजल्यावरून कुकरने शिट्टी दिली. ती शिट्टी आमच्या केंद्राची पहिली वाद्यवृंदरचना. श्रोत्यांचा आकडा दाखवणारी एक खिडकी पडद्यावर असते. तिथे तीन असा आकडा होता. त्यांतला एक मी, दुसऱ्या सौभाग्यवती, आणि तिसरी शेजारची शाळकरी मुलगी. तिला मीच चॉकलेट देऊन बसवले होते.

त्या दिवशी एक गंमत कळली. मी बोललेले शब्द खाली सौभाग्यवतींच्या मोबाइलमधून जवळजवळ अर्ध्या मिनिटाने बाहेर पडत. वाटेत तुकडे गोळा होतात, साठतात आणि मग वाजतात, म्हणून हा उशीर. मी कार्यक्रम संपवून जिना उतरून आलो, तरी माझा आवाज स्वयंपाकघरात ‘शुभरात्री’ म्हणायचाच होता. आपणच बोललेले आपल्यामागून चालत येते. त्या वेळी मला त्याचे हसू आले होते.

आठ दिवसांत माझ्याजवळचे बोलणे संपले. कादंबरीकाराला पानेच्या पाने लिहिता येतात, पण रोज एक तास बोलता येत नाही. मग गाणी लावावी असे ठरवले. आण्णांच्या वेळच्या तबकड्या होत्या, कॅसेटी होत्या. पण एका वकील मित्राने मला खाली बसवून शिकवले. एका गाण्याला एकच मालक नसतो. शब्दांचा एक, चालीचा एक, आणि ध्वनिमुद्रणाचा एक. कवी आणि संगीतकार यांचा हक्क त्यांच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षे. मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षे. मुळात १९५७ च्या कायद्यात ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली वारले. त्यांच्या पुस्तकांची मुदत १९९१ अखेर संपायला आली, तेव्हा ती सगळ्यांसाठीच दहा वर्षांनी वाढवण्यात आली. २०१२ साली रेडिओ केंद्रांना ठरलेले शुल्क भरून गाणी वाजवण्याची सवलत कायद्याने दिली. पण इंटरनेटवरून गाणी पुरवणाऱ्याला ती लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली एका दाव्यात म्हटले.

“म्हणजे मी वाजवायचं तरी काय?” मी विचारले.

“ज्याला मालक नाही ते,” मित्र म्हणाला. “ओव्या वाजव. लोकगीतं वाजव. ती कुणाचीच नसतात.”

मला हे एकदम पटले. ओव्यांचे धन केवढे मोठे! साने गुरुजींनी त्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. नंतर गी प्वातवाँ हे मूळचे फ्रेंच गृहस्थ आणि हेमाताई राईरकर यांनी हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आणि मला तर गावोगाव हिंडण्याचेही कारण नव्हते. आमच्या परड्याला लागून आक्कांचे परडे आहे.

आक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या. सगळ्या आळीच्या आक्का, म्हणून माझ्याही आक्का. नवरा कधीच गेला, मुलगा पुण्याला कारखान्यात. त्यांचे जाते न्हाणीच्या कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाखाली पायरी होऊन पडले होते. मी आणि ती चॉकलेटवाली मुलगी, दोघांनी मिळून ते बाहेर काढले, धुतले, खुंटा ठोकून बसवला. आक्कांनी मूठभर जोंधळे घातले आणि सुरुवात केली. मी मांडीवर मोबाइल ठेवून बसलो होतो. त्यांना सांगितले होते, “आक्का, तुमच्या ओव्या टिपून घेतो.” हे खोटे नव्हते. पण टिपून घेतल्यावर पुढे काय करणार, हे मी नीट सांगितले नव्हते, आणि त्यांनी विचारले नव्हते.

आधी सगळ्यांच्या तोंडी असतात तशा ओव्या झाल्या. देवाच्या, पंढरीच्या, लेकाच्या. मग जाते जरा जड चालू लागले आणि आक्कांचा आवाज खाली आला. त्या ओव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या भावाच्या होत्या. कोणा आदर्श भावाच्या नव्हेत, त्यांच्या स्वतःच्या भावाच्या. आक्कांनी माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली, आणि त्यानंतर भाऊ दिवाळीला मुराळी म्हणून यायचा थांबला. भांडण झाले नाही, शब्द झाला नाही, नुसते येणे थांबले. पहिल्या वर्षी त्या भाऊबीजेला ओवाळणीचे ताट लावून बसल्या होत्या. रात्री ताटातला दिवा विझला, तेव्हा त्या उठून जात्यापाशी गेल्या आणि त्यांना या ओव्या सुचल्या. ही सगळी हकिकत त्या ओव्यांतच होती, तीस वर्षांपूर्वीची.

मास्तर म्हणून मला त्याच क्षणी मोबाइल बंद करायला हवा होता. पण कादंबरीकाराचे डोळे भरून आले होते, आणि डोळे भरलेल्या लेखकासारखा अविचारी प्राणी दुसरा नाही.

दिवाळीच्या आधी चार दिवस मी ते मुद्रण लावले. जात्याची घरघर मला अडथळा वाटली, म्हणून संगणकाकडून ती पुसून घेतली. नुसता आक्कांचा आवाज उरला, पातळ आणि उघडा. आमच्या केंद्राचा आकडा पहिल्यांदाच चाळीसच्या पुढे गेला. मला त्या रात्री किती आनंद झाला, हे लिहिताना आता लाज वाटते.

पुढचे सगळे दोन दिवसांत घडले. कोणीतरी त्या ओव्या मोबाइलवर उतरवून घेतल्या, कोणीतरी त्या पुढे पाठवल्या, आणि पाठवता पाठवता त्या आक्कांच्या माहेरी पोचल्या. तिथून पुतण्याचा निरोप आला, की म्हातारपणी आत्याने रेडिओवर आमची अब्रू काढली. इतकी वर्षे भाऊ येत नसला, तरी भाऊबीजेला पुतण्याच्या हाती एक लुगडे येत असे. गेल्या वर्षी तेही आले नाही.

भाऊबीजेच्या संध्याकाळी आक्का आमच्या पायरीवर आल्या. आत या म्हटले तर आल्या नाहीत. आमच्या भागातल्या बायका स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ असेच म्हणतात. आक्कांच्या तोंडी ते फार गोड वाटते. त्या दिवशी गोड वाटले नाही.

“मास्तर,” त्या म्हणाल्या. एरवी त्या मला ‘बाळ’ म्हणतात. “मी जात्याला सांगितलेलं तू जगाला सांगितलास.”

मी पुष्कळ बोललो. ओव्या किती सुंदर होत्या, लोकांना किती आवडल्या. त्यांनी ऐकून घेतले.

“लोकांचं ऱ्हाऊं दे. मला इचारलंस काय?”

त्यानंतर चैत्रापर्यंत त्या आमच्याशी बोलल्या नाहीत. परड्यातली मेथी मधल्या कुंपणावरून यायची तीही बंद झाली.

मी केंद्रावरून ते मुद्रण काढून टाकले. पण लोकांच्या मोबाइलांतून कसे काढणार? कानाला कुंपण घालता येत नाही, हे आण्णांचे वाक्य मला आता दुसऱ्या बाजूने दिसू लागले. वकील मित्राकडे पुन्हा गेलो. त्यालाही वाईट वाटले. त्याने कायदा काढून पुन्हा वाचला, आणि या वेळी दोघांचीही मान खाली गेली. ओवी परंपरेची असली, तरी ती म्हणणाऱ्या बाईचा स्वतःच्या म्हणण्यावर हक्क असतो. तिच्या संमतीवाचून ते मुद्रित करता येत नाही की प्रक्षेपित करता येत नाही. शिवाय भावाच्या ओव्या परंपरेच्या नव्हत्याच, आक्कांच्या होत्या. शब्द त्यांचे, गळा त्यांचा. टागोरांच्या गाण्याला जो हक्क, तोच न्हाणीच्या कोपऱ्यात सुचलेल्या ओवीला. ‘कुणाचीच नसतात’ असे आम्ही दोन शिकलेल्या माणसांनी इतक्या सहज ठरवले होते! गाणे विचारायला मुंबईच्या कंपनीपर्यंत जायची माझी तयारी होती. मधले कुंपण ओलांडून विचारायला मात्र मी विसरलो.

नाताळच्या सुट्टीत मी मोटारसायकल काढली आणि आक्कांच्या माहेरी गेलो. त्यांचे बंधू ऐंशीच्या घरातले. अंगणात बाजेवर बसले होते. मी कोण ते सांगितले, चूक माझी आहे, आक्कांना यातले काही ठाऊक नव्हते, असे म्हणून हात जोडले. पुतण्या रागाने आत निघून गेला. म्हातारबाबा बराच वेळ उसाच्या फडाकडे पाहत राहिले. फडावर तोड चालू होती. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लागली होती.

“तिनं आणि काय काय म्हटलंय?” एकाएकी त्यांनी विचारले.

“तुम्ही ऐकलंत तेवढंच नाही. बरंच आहे.”

“लाव की मग.”

मोबाइल माझ्या खिशात होता. सगळ्या ओव्या त्यात होत्या. त्यांतल्या शेवटच्या दोन मी केंद्रावर लावल्या नव्हत्या. त्या ऐकल्या असत्या तर म्हातारबाबांचा राग उतरला असता, अशी माझी खात्री होती. माझा हात खिशाकडे गेला. पण आक्कांचा पायरीवरचा आवाज मागून चालत आला.

“आक्कांना विचारून ऐकवतो,” मी म्हणालो.

म्हाताऱ्याने प्रथमच माझ्याकडे पाहिले. “मग इचार,” एवढेच म्हणाले.

विचारायला मला चैत्र उजाडला. जोतिबाची यात्रा करून आक्का परत आल्या. खोबऱ्याचा प्रसाद आळीत वाटला, तसा आमच्याकडेही दिला. ती संधी साधून मी सगळे सांगितले. त्यांनी पदर सारखा केला.

“त्याला ऐकायचं असलं तर त्यानं हितं यावं. आमच्या जात्याला काय चाकं न्हाईत.”

आणि मग, जाता जाता, माझ्याकडे न बघता: “तुझं ते यंत्र साठवून न ठेवता चालतंय काय रे? म्हटलं, आणि गेलं, असं?”

चालते, मी म्हणालो. पूर्वी सगळा रेडिओ असाच असे. म्हटले, आणि गेले.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्याकडच्या बायका भावासाठी उपवास करतात. आक्कांनी तो एकाही वर्षी चुकवलेला नाही, मुराळी येत नव्हता त्या वर्षीसुद्धा. यंदा त्या संध्याकाळी मी माडीवरचे सामान खाली आणून त्यांच्या सोप्यात मांडले. अटी आक्कांच्या होत्या. साठवायचे नाही. जात्याची घरघर पुसायची नाही, “जातं न्हाई तर ओवी न्हाई.” काय म्हणायचे आणि काय नाही, हे त्या ठरवणार. आणि भावाच्या त्या ओव्या म्हणणार नाहीत.

बाहेर श्रावणातली झड लागली होती. जोंधळे पडले, जाते फिरू लागले, घरघर सुरू झाली. तेव्हा मला कळले, की मी गेल्या खेपेला अडथळा म्हणून जे पुसले होते, ते त्या गाण्याचे अर्धे अंग होते. ओवीचा दम जात्याच्या फेऱ्यावर बेतलेला असतो. खुंटा पुढे जातो तेव्हा ओळ चढते, मागे येतो तेव्हा उतरते. मी गेल्या वर्षी लोकांना पांगळी ओवी ऐकवली होती.

ती मुलगी कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसली होती. आक्का दोन ओव्या म्हणून श्वास घ्यायला थांबल्या, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून त्यांचाच आवाज आला. अर्धे मिनिट मागून. आक्का खुंटा धरून ऐकत राहिल्या. स्वतःचा आवाज त्यांनी या वेळी पहिल्यांदाच ऐकला. गेल्या वर्षीचे मुद्रण सगळ्या मुलखाने ऐकले होते, त्यांना ऐकवायचे मात्र कुणालाच सुचले नव्हते.

“कोण गं ही म्हातारी?” त्यांनी मुलीला विचारले. “घाई करतीया.” आणि जाते पुन्हा धरले, आधीपेक्षा सावकाश.

त्या संध्याकाळी आकडा पाचावर होता. एक मुलगी, दुसऱ्या सौभाग्यवती, तिसरा पुण्याचा मुलगा. उरलेले दोघे कोण ते खिडकी सांगत नाही. ती फक्त मोजते. मी आदल्या आठवड्यात आक्कांच्या माहेरी निरोप मात्र धाडला होता. अर्थात आक्कांना विचारून.

केंद्र काढले तेव्हा वाटले होते, आपण बोलू आणि लोक ऐकतील. आता आठवड्यातून एकच दिवस प्रक्षेपण असते. बाकीचे दिवस आळीतल्या कोणाकोणाच्या सोप्यावर बसण्यात जातात. मायक्रोफोन पिशवीतच असतो. पुष्कळदा तो तसाच परत येतो.

संपादकांना दिवाळी अंकाचा लेख दसऱ्याच्या आत हवा असतो, म्हणून हे पितृपंधरवड्यात लिहीत आहे. तेव्हा यंदाच्या भाऊबीजेला काय होणार, ते मला ठाऊक नाही. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा ते होऊन गेले असेल किंवा व्हायचे असेल. काल आक्कांनी मुलीकडून सोप्यातली बाज बाहेर काढवली आणि तिची सैल झालेली सुंभे ओढून घेतली. कशाला, ते मी विचारले नाही.

“भाऊबीजेला तुझं यंत्र बंद ठेव हं बाळ,” त्या कुंपणावरून म्हणाल्या, आणि मेथीची एक जुडी पुढे केली.

बंद ठेवणार आहे.